कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

तुळशीचं लग्न लागलं की महागाव तालुक्यातल्या फोटो स्टुडिओंना उसंत नसते. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ, हळदीचं वेगळं गाणं, प्री-वेडिंगची फिल्म, अल्बमची पानं, सगळं एकाच संगणकावर चालतं. हा संगणक सहसा नवा नसतो. मोठ्या शहरांतल्या कंपन्या आपले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर बदलतात, ते रिफर्बिश होऊन विक्रीला येतात आणि नागपूर किंवा नांदेडहून आमच्याकडे पोचतात. किमतीच्या मानाने माल चांगला असतो. आय-फाइव्ह प्रोसेसर, एसएसडी, मजबूत पत्रा. फक्त त्यातले बरेचसे आडव्या, चपट्या कॅबिनेटचे असतात. हिशेबाच्या आणि टायपिंगच्या कामासाठी ते बनवलेले असतात. आपण त्यांच्यावर फोर-के व्हिडिओ चढवतो, काम अडखळू लागतं, आणि कोणीतरी सांगतं, "ग्राफिक्स कार्ड टाक, पळायला लागेल."

मी महागावात संगणक दुरुस्तीचं काम करतो. असं कार्ड घेऊन माझ्याकडे आलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. पैसे सोयाबीनचे असतात किंवा लग्नाच्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेचे. कार्ड परत करायचं तर कुरिअरची वाट पाहावी लागते, आणि तोवर सीझन निघून जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. चपट्या संगणकात कोणतं कार्ड चालेल हे कॅबिनेट ठरवतं. कार्डाची निवड त्यानंतर येते.

एका स्टुडिओची गोष्ट

आमच्याकडच्या एका तरुण फोटोग्राफरने ऑनलाइन जीटीएक्स १६५० मागवलं. नावावरून निवड वाईट नव्हती. पण आलेलं कार्ड दोन पंख्यांचं आणि पूर्ण उंचीचं होतं. कॅबिनेटचं झाकणच लागेना. "भाऊ, पट्टी कापून बसवता येते का?" त्याने विचारलं. पट्टी कापली तरी कार्डाची सर्किट असलेली पाटीच उंच असते, ती कशी कापणार? झाकण उघडं ठेवून चालवायचा विचारही त्याने केला. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत कापसाची तंतुधूळ हवेत असते, आणि उघड्या संगणकात पाल शिरणं ही नवलाची गोष्ट नाही. पॉवर सप्लायजवळ पाल गेली की मदरबोर्ड जाऊ शकतो. मी तसं करू दिलं नाही.

मग त्याने एक वापरलेलं लो प्रोफाइल कार्ड मिळवलं. उंची बरोबर होती, पण जाडी दोन स्लॉटची. त्याच्या संगणकात ग्राफिक्सचा लांब स्लॉट पॉवर सप्लायला लागून होता. कार्डाचा पंखा पॉवर सप्लायच्या पत्र्यावर टेकला. तेही परत गेलं. शेवटी एनव्हिडियाचं टी१००० हे एका स्लॉटचं, आखूड, ५० वॅटचं वर्कस्टेशन कार्ड त्यात बसलं आणि आजही चालतं आहे. मधल्या काळात त्याची दोन लग्नांची कामं दुसऱ्याकडे गेली. कोणतंही कार्ड मागवण्याआधी स्क्रू काढून माप घेतलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

मापं कोणती घ्यायची

पहिलं माप उंचीचं. पूर्ण उंचीच्या कार्डाच्या मागची पत्र्याची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, साधारण १२० मिलिमीटरची असते. लो प्रोफाइलची सुमारे ७९ मिलिमीटरची. आपल्या संगणकात मागच्या बाजूला जी रिकामी पट्टी लावलेली आहे ती काढून मोजा, उत्तर लगेच मिळतं. लो प्रोफाइल कार्डाबरोबर आखूड ब्रॅकेट डब्यात आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. नुसत्या पाटीच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. ब्रॅकेटशिवाय कार्ड नुसतं स्लॉटमध्ये खोचून ठेवलं तर मॉनिटरच्या केबलच्या ओढीने ते हळूहळू सैल होतं.

दुसरं माप जाडीचं. एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. लांब स्लॉटच्या ज्या बाजूला कार्डाचा पंखा येणार, त्या बाजूला पॉवर सप्लाय किंवा पत्रा किती अंतरावर आहे ते पाहा. पंखा झाकणाकडे तोंड करून असेल तर झाकणाला जाळी आहे का तेही पाहा. जाळी नसेल तर त्याला हवा मिळणार नाही.

तिसरं माप लांबीचं. लो प्रोफाइल कार्डं साधारण १५० ते १७० मिलिमीटर लांब असतात. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या केबल आडव्या येतात. स्लॉटपासून पुढे मोजपट्टी धरून मोजा. केबल हलवता येते, पिंजरा काही वेळा काढून ठेवता येतो, पण हे कार्ड मागवण्याआधी कळलेलं बरं.

वीज मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

जागेपेक्षा जास्त फसगत विजेच्या बाबतीत होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. या चपट्या संगणकांचा पॉवर सप्लाय बहुधा १८० ते २४० वॅटच्या आसपासचा असतो. आकडा त्याच्यावरच्या लेबलवर छापलेला असतो. त्याचा आकार आणि कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, त्यामुळे बाजारातला साधा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आणून त्या जागी बसवता येत नाही.

ग्राफिक्सचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. काही संगणकांच्या पुस्तिकेत ही मर्यादा त्याहून कमी लिहिलेली असते, म्हणून सर्व्हिस टॅग किंवा मॉडेल नंबर टाकून कंपनीची पुस्तिका वाचाच. हिशेब सरळ आहे. आय-फाइव्ह ७५०० प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड ७५ वॅटचं, मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून आणखी २५ ते ३० वॅट. म्हणजे १८० वॅटच्या पॉवर सप्लायवर १७० वॅटचा भार. हिवाळ्यात हे चालून जातं. मे महिन्यात, आमच्याकडे पारा ४३-४४ वर जातो तेव्हा, जुना पॉवर सप्लाय एवढा भार तासन्‌तास झेलत नाही. माझ्याकडे एक संगणक नेमका असाच आला होता. एरवी ठीक चालायचा, रेंडर अर्ध्यावर आलं की बंद. मालकाने विंडोज दोनदा टाकून घेतली होती. ३० वॅटचं कार्ड घातलं, आणि तो बंद पडणं थांबलं. १८० वॅटच्या संगणकात ५० वॅटच्या आतलं कार्ड घ्यावं, हा माझा सल्ला त्यातून आला आहे.

ज्या कार्डाला वरून सहा किंवा आठ पिनांची वेगळी केबल लागते, ते या संगणकांसाठी नाहीच. साटा केबलवरून सहा पिन काढून देणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट झेलायला बनवलेला असतो आणि सहा पिनांवरून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. अशा जागी प्लॅस्टिक वितळतं. दुकानात लाकडी टेबल, फ्लेक्सचे रोल, फोटो पेपर असतात. हा धोका कोणीही घेऊ नये.

घरच्या विजेकडेही बघा. अर्थिंग तपासून घ्या. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर संगणक आणि मॉनिटर ठेवा, प्रिंटर नको. इन्व्हर्टरवर काम करत असाल तर तो साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर या कंपनी-बनावटीच्या पॉवर सप्लायना त्रास होऊ शकतो.

आपलं काम कार्डाचं आहे का?

पैसे काढण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. डीटीपी, लग्नपत्रिका, फोटोशॉपमधले अल्बम यांना आधी रॅम आणि एसएसडी लागते. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. पट्ट्या जोडीने चालल्या की मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

व्हिडिओत सॉफ्टवेअरप्रमाणे उत्तर बदलतं. डाव्हिंची रिझॉल्व्ह कार्डावर फार अवलंबून असतं आणि प्रीमियर प्रोलाही कार्डाचा चांगला उपयोग होतो. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांत लोकप्रिय असलेल्या एडियसचा भर मात्र बराच काळ इंटेल प्रोसेसरमधल्या क्विक सिंकवर राहिला आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वेगळं कार्ड लावलं की बऱ्याच संगणकांत प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं, आणि एडियस उलट हळू चालू लागतं. बायोसमध्ये जाऊन अंतर्गत ग्राफिक्स, म्हणजे आयजीडी किंवा मल्टी-डिस्प्ले, चालू ठेवावं लागतं.

नव्या कॅमेऱ्यांचं १०-बिट ४:२:२ एच.२६५ चित्रीकरण ही आणखी वेगळी बाब आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ते हार्डवेअरवर उलगडण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत मिळाली. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये ती ११व्या पिढीपासून आहे. आय-फाइव्ह ७५००सारख्या सातव्या पिढीच्या संगणकात लहानसं कार्ड घालून ही अडचण सुटत नाही. तिथे प्रॉक्सी फाइल करून एडिटिंग करणं हाच रास्त मार्ग आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

कोणती कार्डं बघावीत

पॉवर सप्लाय २४० वॅटचा आणि जागा दोन स्लॉटची असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० सहा जीबी, लो प्रोफाइल, हा चांगला पर्याय आहे. ते ७० वॅटवर चालतं, वेगळी केबल लागत नाही. पण याच नावाचं आठ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि त्याला केबल लागते. नाव एक, माल दोन.

जागा एकाच स्लॉटची असेल तर वर्कस्टेशन कार्डांकडे वळा. टी४०० ३० वॅटचं, टी६०० ४० वॅटचं, टी१००० ५० वॅटचं. यांना मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, म्हणून कन्व्हर्टर सोबत मागवा. मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

जीटी १०३० स्वस्त म्हणून खूप विकलं जातं. त्याचे दोन प्रकार आहेत. जीडीडीआर५ स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४चा १७ जीबीहूनही कमी. शिवाय व्हिडिओ एन्कोड करण्याचं हार्डवेअर दोन्हींत नाही. आरएक्स ६४०० हे २०२२चं ५३ वॅटचं कार्ड आकाराने अगदी योग्य वाटतं, पण त्यातही एन्कोडर नाही, आणि ते स्लॉटच्या चारच लेन वापरत असल्याने जुन्या संगणकात त्याचा वेग आणखी घटतो. व्हिडिओवाल्यांनी ही दोन्ही टाळावीत. इंटेलचं आर्क ए३१० एन्कोडिंगला उत्तम आहे, पण त्याला मदरबोर्डच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार ही सोय लागते. इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा संगणक सांगते.

वापरलेलं कार्ड आणि बसवल्यानंतरची काळजी

वापरलेल्या बाजारात जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारे आहेत. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. बनावट कार्डावर ते बहुधा तसा शिक्का दाखवतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि जीएसटी बिल घ्या. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे ड्रायव्हर थांबवले असून २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. आज पैसे घालताना हे मनात ठेवा.

कार्ड बसवलं की लगेच एक लांबलचक रेंडर लावा, आणि तेही दुपारी. रात्रीच्या गारव्यात सगळीच कार्डं चांगली वाटतात. तापमान बघत राहा. संगणक भिंतीला चिकटवू नका, काम चालू असताना त्यावर कापड टाकू नका. वेचणीच्या हंगामात दर महिन्याला ब्लोअरने धूळ काढा, पण पंख्याची पाती बोटाने धरून.

शेवटचं सांगणं ज्यांना संगणक अजून घ्यायचाय त्यांना. व्हिडिओचं काम करणार असाल तर रिफर्बिश घेतानाच टॉवर मागा. त्याच कंपनीचं, त्याच पिढीचं टॉवर मॉडेल थोड्या जास्त पैशांत मिळतं आणि त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. पिढी आठवी किंवा पुढची घ्या, कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. ज्यांच्याकडे चपटा संगणक आधीच आहे, त्यांनी दोन्ही ब्रॅकेट असलेलं, वेगळी केबल न लागणारं कार्ड घ्यावं. उद्या संगणक बदलला तरी लांब ब्रॅकेट लावून तेच कार्ड टॉवरमध्ये जातं, आणि कष्टाचा पैसा वाया जात नाही.