तबकडीचें नांव

उत्तर कोंकणांतील कोळी व आगरी समाजांत लग्नाचे धवले धवलारीण गाते. हीं गाणीं बहुधा कागदावर नसतात. तीं कंठांत असतात व कंठाबरोबरच जातात. सातपाटींतील एखाद्या घरीं आजीचीं अशीं गाणीं सीडीच्या तबकडीवर भरून ठेविलेलीं असलीं, तर तें मोठें धन होय. परंतु तबकडी कोरी राहिली, तर वीस वर्षांनीं तो आवाज कोणाचा, हें सांगणार कोण? म्हणून घरच्या तबकडीस लेबल कसें करावें, याचा आपण विचार करूं.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचीं गाणीं मुद्रित झालीं. तबकड्या तयार होत त्या जर्मनींतील हॅनोवर शहरीं. तेथील कारागिरांस गायिका कळावी, म्हणून ती गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत असे. आपणही गाणारीकडून शेवटीं नांव, गांव व तारीख वदवून घ्यावी. कागद गेला तरी आवाज साक्ष देईल.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरील कागद तबकडी दाबतांनाच उष्णतेनें तींत बसविला जाई; गोंद लागत नसे. आपलें लेबल मात्र गोंदानें चिकटतें. सीडी १२ सेंटिमीटर रुंद असून तिचें छिद्र १५ मिलिमीटरचें असतें. ती वेगानें फिरते. लेबल तिरपें बसलें तर ती थरथरते. खाऱ्या, दमट हवेंत कागदाची कड सुटून यंत्रांत अडकूं शकते. चिकटलेलें लेबल ओढून काढूं नये. कारण सीडीचा चकाकणारा थर वरच्या पातळ लेपाखालींच असतो व तो त्याबरोबर उखडतो. बॉलपेनच्या टोंकानेंही त्यास इजा होते.

यास्तव दोन प्रती कराव्या. नित्य ऐकण्याच्या प्रतीवर तबकडीसाठींच मिळणारें गोल लेबल एकदांच, नीट मध्यावर बसवावें. जपून ठेवावयाच्या प्रतीवर कागद लावूं नये. छिद्राभोंवतालच्या पारदर्शक कड्यावर मऊ टोंकाच्या, पाण्याच्या शाईच्या लेखणीनें केवळ क्रमांक घालावा. त्याच क्रमांकाचें लेबल डबीवर लावून त्यावर गाणारीचें नांव, गाण्याचा प्रसंग, गांव, तारीख व गाणें भरणाऱ्याचें नांव लिहावें.

चित्र व रंग मागाहून. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरांतील कोऱ्या तबकड्या मुलांसह एकदां ऐकाव्या व आवाज ओळखणारें माणूस जवळ आहे तोंच त्यांस नांव द्यावें.