पोटाचा कॅन्सर आणि रक्ताची उलटी : घरच्यांनी काय करायचं?



मागच्या बैठकीनंतर एक ताई हळूच म्हणाल्या, "बाबांना पोटाचा कॅन्सर आहे. उपचारासाठी मुलुंडला भावाकडे राहतात. दोन दिवस शौचाला काळं होतंय. लोहाच्या गोळ्यांमुळेच ना?"

लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं, हे खरं. पण डांबरासारखं काळं, चिकट आणि फार घाण वासाचं असेल, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणखी खुणा : उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण, चक्कर, घाम, हातपाय गार पडणं.

अशा वेळी :
१. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात चालू असले, तरी आधी जवळचं मोठं रुग्णालय गाठा. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर. टाटाची फाइल सोबत घ्या.
२. माणसाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. पाणी, चहा काहीही पाजू नका.
३. रक्त पातळ करणाऱ्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना सांगा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका.

रुग्णालयात रक्त चढवतात, तोंडातून दुर्बीण घालून रक्त थांबवायचा प्रयत्न करतात. गाठीतून रक्त झिरपत राहिलं तर किरणोपचार, म्हणजे आपण म्हणतो ती 'लाईट', देतात. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात.

आता अवघड गोष्ट. आजार फार पुढे गेला असेल, तर एकदम खूप रक्त जाऊ शकतं आणि ते थांबेलच असं नाही. म्हणून माणूस शुद्धीत आहे तोवर त्यालाच विचारा : पुन्हा रुग्णालयात जायचं, की घरी राहून त्रास कमी करायचा? घरी राहायचं ठरलं, तर डॉक्टरांकडून शांत करणारं औषध आधीच लिहून घ्या आणि ते कसं द्यायचं ते शिकून घ्या. टाटात यासाठी पॅलिएटिव्ह विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळतं. गडद रंगाचे टॉवेल, चादर हाताशी ठेवा. रक्त कमी दिसतं, भीती कमी होते. आणि हात धरून जवळ बसा. तेही औषधच आहे.

पुढच्या बैठकीत : गटात कुणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर तिच्यासोबत एक कागद भरा. फाइल कुठे आहे, रक्तगट कोणता, माणसाची इच्छा काय, रात्री सोबत कोण जाईल. हे प्रश्न रात्री दोन वाजता सुचत नाहीत, ताई. आज दुपारीच लिहून ठेवू.