रक्तक्षय आणि ताटातील लोह

प्रश्न : फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) परिसरात शेतीकाम करणाऱ्या स्त्रियांना पोटभर जेवूनही थकवा व धाप का जाणवते?

उत्तर : यामागे अनेकदा रक्तक्षय, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनची कमतरता असते; गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये प्रति डेसिलिटर 12 ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण रक्तक्षय मानले जाते. हिमोग्लोबिन तयार होण्यास लोह लागते, पण ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. मात्र वरणावर लिंबू पिळल्यास क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते रोखतो, म्हणून दोहोंत किमान तासाभराचे अंतर असावे. विदर्भात रक्तक्षय घडवणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळत असल्याने, लोहाच्या गोळ्या स्वतःहून न घेता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घेणेच हिताचे ठरते.