ऐन उमेदीतील स्मृतिभ्रंश : आनुवंशिक कारणे वेळीच ओळखा

वयाच्या ६५ वर्षांपूर्वी सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशास अकाली स्मृतिभ्रंश म्हणतात. पस्तिशी-चाळिशीतील व्यक्ती नेहमीचे हिशेब चुकू लागते, ओळखीचा रस्ता विसरते किंवा तिचा स्वभाव पालटतो, तेव्हा घरची मंडळी त्यास आळस, मानसिक ताण अथवा बाहेरची बाधा समजतात. या गैरसमजात उपचारांचा मोलाचा काळ निघून जातो.

प्रथम काय तपासावे?
थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मेंदूतील गाठ, संसर्ग व मद्यपान ही कारणे अधिक आढळतात. रक्ततपासणी व एमआरआय यांतून त्यांचा शोध घेतला जातो. त्यांत उलगडा न झाल्यास आनुवंशिक कारणांचा विचार करावा.

कोणत्या खुणा डॉक्टरांना सांगाव्यात?
• हात थरथरणे, बोलणे अस्पष्ट होणे, पूर्वी झालेली कावीळ : विल्सन आजारात यकृतात व मेंदूत तांबे साचते. रक्तातील सिरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांची तपासणी यांवरून निदान होते.
• लहानपणापासूनचे जुलाब, कमी वयातील मोतीबिंदू, टाचेमागील शिरेवर गाठ : सेरिब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस या आजारात रक्तातील कोलेस्टॅनॉल वाढते.
• अर्धशिशी व तरुण वयात वारंवार पक्षाघात : कॅडासिल.
• हातापायांच्या अनैच्छिक हालचाली : हंटिंग्टन आजार.

यांपैकी पहिल्या दोन आजारांवर औषधे उपलब्ध आहेत. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी मेंदूची हानी टळते. औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत.

कुटुंबाने काय करावे?
तपासणीस जाताना तीन पिढ्यांतील आजार, अकाली मृत्यू व नात्यातील विवाह यांची नोंद सोबत न्यावी. हंटिंग्टन व कॅडासिल आजारांत बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. विल्सन आजारात मात्र आईवडील बहुधा निरोगी असतात आणि रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणून ‘आमच्या घरात कोणालाच नव्हते’ एवढ्यावरून शंका सोडू नये. विल्सनच्या रुग्णाची भावंडे धडधाकट दिसत असली, तरी त्यांची तपासणी अवश्य करावी.

जनुकीय चाचणीपूर्वी समुपदेशन घ्यावे. हंटिंग्टनसारख्या, अद्याप पूर्ण उपचार नसलेल्या आजाराची चाचणी करावी की नाही, हा निर्णय निरोगी प्रौढाने स्वेच्छेने घ्यावयाचा असतो. त्यासाठी कोणावरही दबाव आणू नये. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची अशी चाचणी करू नये.

मदत कोठे मिळेल?
जवळच्या शासकीय रुग्णालयातून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविण्याची विनंती करावी. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ अंतर्गत नवी दिल्लीतील एम्स, लखनौ येथील संजय गांधी संस्था, मुंबईतील के.ई.एम. रुग्णालय आदी उत्कृष्टता केंद्रे कार्यरत आहेत. रुग्णाची काळजी घेताना मन खचल्यास टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क संपर्क साधावा.

जनुकातील दोष हा कोणाचाही अपराध नव्हे. त्यासाठी आई, सून वा अन्य कोणासही बोल लावू नये.