हृदयविकार आणि भजन : श्वासाचा एक पाठ

आमच्या भजनी मंडळातील एक माळकरी, वय पासष्टीचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला, पांडुरंगाच्या कृपेने वाचले. घरी येताच मुलांनी टाळ खुंटीला अडकवला. "आप्पा, आता गाणे बंद. छातीवर जोर पडेल." दोन महिने गुरुजी मागे भिंतीला टेकून नुसते बसत. एके दिवशी म्हणाले, "बुवा, गळ्यात माळ आहे, पण गळाच मिटला. मग वाचून काय मिळवले?"

आमच्याने ते ऐकवेना. पुढच्या एकादशीला आम्हीच त्यांना आग्रहाने उभे केले. त्यांनी नेहमीच्या हौसेने काळी पाचच्या पट्टीत चाल उचलली आणि दुसऱ्याच चरणाला अंधारी येऊन मटकन खाली बसले. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. मुलांनी गाणेच तोडले ही त्यांची चूक. कसे गावे हे न पाहता गायला लावले ही आमची. ती पुन्हा कोणाकडून होऊ नये म्हणून हा पाठ.

प्रथम श्वास आणि नाडी यांचे नाते पाहू. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. वयाबरोबर व हृदयविकारात हा फरक कमी होत जातो. मानेतील मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारे तंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाला सबुरीने चालायला सांगतो. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तेच सहावर आणले, म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद दिले, तर हा पहारा अधिक दक्ष होतो.

इटलीतील डॉ. बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांवर हे तपासले. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा 'ओम् मणि' मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. पुढे 2002 साली, ज्यांचे हृदय दुबळे झाले आहे अशा रोग्यांतही संथ श्वासाने ही दाबाची जाण सुधारलेली त्यांना दिसली. 2023 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या 65 वयस्क माणसांना अर्धा तास गायला लावले. त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे काम सुधारले, मोठ्या धमन्यांत मात्र फरक पडला नाही. यावरून भजनाने रोग जातो असे कोणी समजू नये. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या. एकादशीच्या उपवासालाही डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही चुकवायची नाही.

मग गुरुजींना अंधारी का आली? उंच पट्टीसाठी त्यांनी श्वास कोंडला, पोट आवळले. अशाने छातीतील दाब एकदम वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त क्षणभर कमी पडते. त्यात दाबाच्या गोळ्या, उपवास आणि उभे राहणे. लाभ आहे तो लांब सोडलेल्या श्वासात. उंच पट्टीत नाही.

आता प्रत्यक्ष पाठ. आधी आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

1. मांडी घालून किंवा खुर्चीवर बसावे. पाठ सरळ, खांदे सैल. जेवणानंतर लगेच बसू नये.

2. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा. पोट पुढे यावे, खांदे वर जाऊ नयेत. मग ओठ मिटून सहा अंक 'म्' असा गुंजारव करीत सोडावा. मध्ये श्वास कोंडू नये. दहा सेकंद जमत नसतील तर सात-आठ चालतील, ओढाताण नको. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पुष्कळ झाली.

3. नंतर त्याच श्वासावर खालच्या सुरात 'रामकृष्णहरि' म्हणावे.

4. मग अभंग. एका श्वासात एकच चरण. दम अपुरा पडला तर मध्येच यतीवर थांबावे, त्यात कमीपणा नाही. चाल म्हणणाऱ्याचे चालू असता ऐकावे, श्वास भरून घ्यावा आणि सर्वांबरोबर ध्रुपद उचलावे. आपल्या भजनाच्या रीतीतच ही विश्रांती आहे.

5. गाऊन झाल्यावर एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. येत नसेल तर गाणे जास्त झाले असे समजावे.

बायपास झालेल्यांनी छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, गळ्यात पखवाज-वीणा घेऊ नये. जड टाळ आणि पावली डॉक्टरांना विचारूनच. इस्पितळातून तीन गोळ्यांचे यंत्र मिळते, त्यात पुष्कळजण फुंकत बसतात. ते फुंकायचे नव्हे. तोंडाने श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात.

गाताना छातीत आवळल्यासारखे झाले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर अभंग पुरा करण्याचा हट्ट धरू नये. तिथेच थांबावे, शेजारच्याला सांगावे आणि मंडळींनी ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भजनाचा विरस होईल म्हणून गप्प बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आणि मंडळांनाही विनंती. आपल्यात उंच पट्टीचा अभिमान फार. "काळी पाचला गातो तो गवई!" परंतु एखादा माणूस त्यापायी पंगतीतून उठत असेल तर पट्टीच खाली आणावी. आम्ही गुरुवारचे भजन आता काळी एकला म्हणतो. पहिल्या दिवशी तरुण मंडळी कुरकुरली. आता पूर्वी नुसते ओठ हलवणारे म्हातारेही गातात. गुरुजी पुढच्या ओळीत खुर्चीवर बसतात आणि ध्रुपद म्हणतात. टाळ त्यांच्या थोरल्या मुलानेच खुंटीवरून काढून आणून दिला.

रामकृष्णहरि!