कंपनीचा मेडिक्लेम

चि. निखिल यास,


आईबाबांसकट पाच लाखांचं कव्हर कंपनीनं दिलंय, मग स्वतःची पॉलिसी कशाला, असं तू विचारलंस. कारखान्याच्या एचआरमध्ये राहून हे कव्हर ठरताना मी पाहत आले, म्हणून लिहिते.

तुमच्या गेटवरच्या कंत्राटी कामगाराला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर त्याला ईएसआयचा आरोग्य विमा कायद्यानंच मिळतो. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, आणि उपचाराच्या खर्चाला कमाल रकमेची अट नसते. तुझा पगार मोठा, म्हणून तू त्या कायद्याबाहेर. तुझा मेडिक्लेम ही कंपनीची मर्जी. चांगली माणसं टिकावीत म्हणून ती तो देते आणि परवडेल तेवढाच देते.

ग्रुप पॉलिसी सहसा वर्षाची असते. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी गेल्या वर्षीचे क्लेम, माणसांची वयं आणि यादीतले आईवडील बघते. क्लेम जास्त झाले की प्रीमियम चढतो. मग व्यवस्थापन कात्री लावतं: आईवडिलांचा हप्ता तुमच्या पगारातून, नाहीतर को-पे, म्हणजे बिलाचा काही वाटा तुमच्या खिशातून, नाहीतर खोलीभाड्याला मर्यादा. ही शेवटची अट वरवर किरकोळ वाटते. पण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. म्हणून आकडा पाहून खूश होऊ नकोस, अटींचा कागद मागून घे.

कंपनीचं कव्हर म्हणजे कंपनीचं क्वार्टर. नोकरी आहे तोवर राहायचं. राजीनामा दिलास की कव्हर बहुधा शेवटच्या दिवशीच संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज वेळेत करावा लागतो आणि हप्ता तुझा.

तेव्हा तब्येत धडधाकट आहे तोवर स्वतःची छोटी पॉलिसी घे. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती मुदत आजच सुरू होऊ दे. आईबाबांना त्यात घेतलंस, तर प्रस्तावात बाबांची शुगर, आईचं बीपी, काहीही लपवू नकोस. लपवलेलं क्लेमच्या वेळीच बाहेर येतं.

या महिन्यात एवढं उरकून मला कळव.

तुझी,
आत्या