वच्चकुटी-वत्त : शौचालयाचे नियम आणि आपली यात्रास्थळे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘वत्तक्खंधक’ नावाचे प्रकरण आहे. वत्त म्हणजे वागण्याची रीत. पाहुण्या भिक्खूने कसे वागावे, भोजनाच्या ठिकाणी कसे बसावे हे सांगत असतानाच तथागतांनी तेथे शौचालयाचेही नियम घालून दिले आहेत. शौचालयाला पालीत वच्चकुटी म्हणतात. आपल्या धम्मवर्गात हे प्रकरण सहसा कोणी काढीत नाही; विषय ओंगळ वाटत असावा.

नियमांमागची कथा अशी. ब्राह्मण कुळातून संघात आलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेत नसे, कारण त्या घाणीला हात लावणे त्याला नको होते. घाणीसाठी त्याने ‘वसल’ हा शब्द वापरला. हीन ठरवलेल्या माणसालाही त्या काळी हाच शब्द लावीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याला त्या जागी किडे झाले. तेव्हा पाणी उपलब्ध असता शौचानंतर धुतलेच पाहिजे, असा नियम झाला.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. भिक्खू शौचालयातही ज्येष्ठतेनुसार जात. नवदीक्षित आधी येऊनही ताटकळत राहत आणि कळ सोसून मूर्च्छित पडत. तथागतांनी सांगितले की, येथे ज्येष्ठता नाही. जो आधी आला तो आधी जाईल. बाहेरच्याने खोकावे, आतल्याने खोकून उत्तर द्यावे. घाईने आत शिरू नये. शौचालय घाण दिसले तर धुवावे, अंगण झाडावे, भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे. घाण कोणी केली, असा प्रश्न तेथे विचारलेला नाही.

हे किरकोळ वाटेल. पण कोसंबीच्या घोषितारामात संघात फूट पडली, तिचे मूळ अट्ठकथेनुसार शौचालयातील भांड्यात शिल्लक ठेवलेल्या पाण्यात होते!

आता आपल्याकडे वळू. बोळिंज-विरारहून ६ डिसेंबरला आपण लोकलने दादरला जातो. चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय असतो. महापालिका शिवाजी पार्कवर फिरती शौचालये उभी करते, तरी रांगा संपत नाहीत. पाणी संपले की पुढचा माणूस तसाच बाहेर येतो आणि त्यामागचा नाक धरून आत जातो. आपल्या उपासिका तर घरून निघतानाच पाणी पिणे बंद करतात. दिवसभर लघवी रोखून धरल्याने जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. त्या बोलत नाहीत एवढेच. गरोदर व मधुमेही भगिनींना हा त्रास फार होतो.

आणि ती घाण शेवटी काढतो कोण? पंढरपूरला वारीनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातील मैला माणसांकडून हाताने उचलून घेतला जाई. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने शौचालये उभारण्याचे आदेश दिले. या कामावर १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आली. तरीही यात्रा कोणतीही असो, झाडू बहुधा आपल्याच बांधवाच्या हाती असतो. ज्या बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली अमंगळ मानलेली कामे टाकून द्या म्हणून सांगितले, त्यांना अभिवादन करायला येऊन ते काम आपणच कोणासाठी तरी वाढवून ठेवतो. पालिकेकडे जास्त शौचालये, पाणी व दिवे मागणे हा आपला हक्क आहेच आणि तो मागत राहिले पाहिजे. पण शिल्लक पाण्याचा तांब्या पालिका भरून ठेवणार नाही.

म्हणून एक सूचना. प्रत्येक तुकडीने सोबत दोन बादल्या, मग, साबण, खराटा आणि कागदी पिशव्या घ्याव्यात. भगिनींचे वापरलेले कापड वा पॅड त्यात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकता येईल. दोन तरुण पाण्याच्या नळाशी, दोन उपासिका स्त्रियांच्या रांगेशी, तासातासाने बदलून. आजारी व गरोदर भगिनींना रांगेतल्यांनी आपणहून पुढे जाऊ द्यावे. बाकी सर्वांनी, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीसुद्धा, आले त्या क्रमाने उभे राहावे. निघताना सर्वांनी पाणी पिऊनच गाडीत बसावे.